पारास्काचा श्वास

१

ते १९७६ साल होतं. त्या वर्षी झोरिया गावच्या चर्चचा पोक्रोवाचा, म्हणजे देवमातेच्या पदराचा, सण गुरुवारी आला, ऑक्टोबरच्या चौदा तारखेला. गहू कोठारात जाऊन पडला होता, रानहंसांचे शेवटचे थवे मॅनिटोबा प्रांतावरून दक्षिणेकडे गेले होते, आणि चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात बायका पहाटेपासून उभ्या होत्या. त्या काळी सणाचं जेवण म्हणजे दीडशे पानं उठत. पिरोहीच्या, म्हणजे उकडलेल्या करंज्यांच्या, पराती, कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात, बीटचं लालभडक सूप, आणि प्रत्येक टेबलावर कुणाच्या तरी घरची लोणच्याची बरणी. आता तेवढी माणसं सगळ्या तालुक्यात उरलेली नाहीत.

टेक्ला ह्रिंचुक दाराजवळ बसली होती. अडतीस वर्षं तिने या भागात फिरती नर्स म्हणून काढली होती. समोर जेवत असलेल्यांपैकी निम्मी माणसं तिच्याच हातात जन्मली होती. निवृत्तीला दोन वर्षं झाली तरी कुणी खोकलं की तिची मान आपोआप वळायची.

म्हणून पारास्का बोइचुकची पहिली शिंक तिनेच ऐकली.

पारास्का पलीकडच्या टेबलाशी काहीतरी सांगून सगळ्यांना हसवत होती. एकसष्ट वर्षांची, अंगाने भरलेली, दम्याची जुनी रोगी. शिंकेमागून तिचं नाक वाहायला लागलं, डोळे लाल झाले, आणि मानेपासून कपाळापर्यंत चेहरा सुपासारखा रंगला. मग तिने टेबलाची कड धरली. छातीतून शीळ निघाली.

टेक्ला चमचा ठेवून उठली. ही शीळ तिने पूर्वी एकदा ऐकली होती.

पारास्काच्या मुलाने, मिरोनने, तिला उचलून गाडीत घातलं. इस्पितळ चाळीस मैलांवर. टेक्ला मागच्या सीटवर पारास्काला टेकवून बसली आणि सगळा रस्ताभर तिचे श्वास मोजत राहिली. तिथे तरुण डॉक्टर कॅमरननी अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. तासाभराने ओठांचा निळेपणा उतरला तेव्हा ते बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाले, "हिला अ‍ॅस्पिरिन कुणी दिलं?"

२

पाच वर्षांपूर्वी अ‍ॅस्पिरिन दिलं होतं ते टेक्लाने.

पारास्काची दाढ ठणकत होती. टेक्लाने बॅगेतून दोन गोळ्या काढून दिल्या, जशा त्या आधी हजारो जणांना दिल्या होत्या, आणि अर्ध्या तासात पारास्का मरायला टेकली. तेव्हाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की दमेकऱ्यांपैकी काही जणांना ही साधी गोळी विषासारखी बाधते. बहुतेकदा अशांच्या नाकात मांसाचे कोंब वाढलेले असतात आणि वास येईनासा झालेला असतो. पारास्काचं दोन्ही खरं होतं. सांधेदुखीच्या बऱ्याच गोळ्याही त्याच घराण्यातल्या, त्यांनाही हात लावायचा नाही. दुखलंखुपलं तर पॅरासिटामॉल, तेही बेताने.

पारास्काने त्याबद्दल टेक्लाला कधी एक शब्द ऐकवला नाही. उलट गावात सांगत सुटली, की टेक्लामुळे आपल्याला आपला शत्रू कळला. टेक्लाने मात्र वर्ज्य गोळ्यांची नावं तांबड्या पेन्सिलीने लिहून बोइचुकांच्या स्वयंपाकघरात स्वतः चिकटवली, आणि पाच वर्षं त्या घरात गेली की आधी तो कागद जागेवर आहे का ते बघायची.

सणाच्या दिवशी पारास्काने एकही गोळी घेतली नव्हती. ती शपथेवर सांगत होती. मग डॉक्टर म्हणाले, हॉलमधला सिगारेटचा धूर असेल, धूळ असेल. पाच दिवसांनी तिला घरी सोडलं.

आणि चोवीस तारखेला, रविवारी, दुपारच्या जेवणानंतर तिला पुन्हा झटका आला. या वेळी इस्पितळात पोचेपर्यंत तिची शुद्ध गेली होती. दोन दिवस नळीने श्वास द्यावा लागला. डॉक्टर कॅमरन टेक्लाला एका बाजूला घेऊन म्हणाले, की तिसऱ्या वेळी आपण कसलीच खात्री देऊ शकणार नाही. धुराने असं होत नाही. कुणीतरी, कसं तरी, या बाईच्या पोटात ती गोळी घालतंय.

गावाने उत्तर शोधायला वेळ लावला नाही. त्या रविवारी सकाळी पारास्काचं डोकं दुखत होतं, आणि तिला पांढरी गोळी दिली होती तिच्या सुनेने.

३

सून म्हणजे लिनेट. ब्रँडनची, इंग्रज घरातली. तिला पिरोहीची कड नीट दाबता येत नव्हती आणि प्रार्थनेतलं ओ की ठो कळत नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती. शेत विकून शहरात जाऊ असं ती एकदा जेवताना बोलून गेली होती, आणि ते वाक्य गावाने जपून ठेवलं होतं.

टेक्ला बोइचुकांकडे गेली तेव्हा लिनेट स्वच्छ असलेलाच ओटा पुसत होती. मिरोन आणि ती एकमेकांशी कामापुरतं बोलत होते. मिरोनने तिला सांगून टाकलं होतं, की सहा नोव्हेंबरला, शनिवारी, आईला घरी आणायचंय, तेव्हा तू थोडे दिवस माहेरी जा. रागाने नव्हे, खाली बघत सांगितलं होतं. राग परवडला असता, असं लिनेट म्हणाली.

टेक्लाने गोळीबद्दल विचारलं. लिनेटने कपाटातली पॅरासिटामॉलची बाटली आणून दाखवली. यातलीच एक दिली, सकाळी आठला, सगळे चर्चला निघायच्या आधी.

"नक्की यातलीच?"

लिनेट खुर्चीवर बसली. मग तिने पर्समधून एक चपटी पत्र्याची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. त्यात अ‍ॅस्पिरिन होतं. भिंतीवर कागद असताना तिने ते घरात ठेवलं होतं, दर महिन्याला पोट दुखतं म्हणून, कुणाला न सांगता.

"टेक्लाकाकू, यातल्या दोन गोळ्या कमी आहेत. एक मी घेतली त्या आठवड्यात. दुसरी पण मीच घेतली असणार. पण आठवत नाही हो. त्या दिवशी माझंही पोट दुखत होतं. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, दोन्ही सारख्याच. रात्रंदिवस आठवते, आणि प्रत्येक वेळी हात वेगळीच डबी उघडताना दिसतो."

"मिरोनला सांगितलंस?"

"सांगितलं तर तो मला माफ करेल. ते मला नकोय. मला कळायला हवंय, मी त्यांना मारायला निघाले होते की नाही."

टेक्लाने डबी स्वतःच्या बॅगेत टाकली. पाच वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी तिच्या स्वतःच्या हातांनाही असंच वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, की शनिवारपर्यंत सामान बांधू नकोस.

शनिवारला चार दिवस होते.

४

पारास्काचा नवरा दिमित्रो गोठ्यामागे ट्रॅक्टरच्या चाकाशी बसला होता. त्याची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. टेक्लाने सरळ विचारलं, बोटांना काय घेतोस?

दिमित्रो म्हणाला, काही नाही. मग म्हणाला, मलम लावतो. मग त्याने इकडेतिकडे बघितलं, ट्रॅक्टरची हत्यारपेटी उघडली आणि चिंध्यांखालून बाटली काढली. अ‍ॅस्पिरिन. पाच वर्षांत ही बाटली घराच्या पायऱ्या चढलेली नाही, असं तो म्हणाला. गोळी घेतली की हात धुऊन मगच आत जातो, न जाणो भाकरीला लागेल.

"नर्सबाई, तिच्या ताटातलं मी मीठसुद्धा उचलत नाही."

तो रडायच्या बेतात होता, म्हणून टेक्लाने ट्रॅक्टरबद्दल दोन प्रश्न विचारले आणि निघाली.

उरली हान्या मेल्निक. हान्या पारास्काची जिवाभावाची मैत्रीण, मिरोनची धर्ममाता. बाप्तिस्म्याला तिनेच त्याला हातात धरलं होतं. वीस वर्षांपूर्वी विधवा झाली, पण चर्चचं स्वयंपाकघर आजही तिच्या हुकमतीत. लिनेटबद्दल गावभर सांगितलं होतं तेही तिनेच.

हान्याने टेक्लासमोर चहा ठेवला आणि लगेच सुरुवात केली. मुलगी वाईट नाही, पण परकी आहे. डोकं दुखलं की गोळी, पोट दुखलं की गोळी, ही शहरातली सवय. "मला बघ टेक्ले. बासष्ट वर्षं झाली, एक गोळी गिळली नाही. बाळंतपणातसुद्धा. तूच होतीस की."

टेक्ला होती. हान्या तेव्हा ओरडलीही नव्हती.

मग विषय लोणच्यांवर गेला, कारण हान्याकडे तो नेहमीच जायचा. तळघरात तिने टेक्लाला फळ्या दाखवल्या. हिरव्या टोमॅटोच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या, शेपूच्या दांड्या काचेला चिकटलेल्या. गेल्या साली उन्हाळा लांबला आणि सगळं आंबून झाकणं उडाली, चाळीस बरण्या डुकरांपुढे ओताव्या लागल्या. सणाला हान्याच्या नावाची बरणी नाही म्हणून तिने आजारी असल्याचं सोंग केलं होतं. या साली पहिला हिमकण पडल्यावर टोमॅटो उतरवले, आणि एकही झाकण हललं नाही.

टेक्लाने विचारलं, काय वेगळं केलंस?

"काय करणार? मीठ, शेपू, लसूण आणि आमच्या विहिरीचं पाणी," हान्या म्हणाली आणि दिवा मालवला.

पायऱ्या चढताना टेक्लाला आठवलं, की दिमित्रोने तरुणपणी आधी मागणी घातली होती ती हान्याला. हान्याच्या बापाने नाही म्हटलं, म्हणून तो पारास्काकडे वळला. चाळीस वर्षांत हे कुणी उच्चारलं नव्हतं. आपल्याला ते आत्ताच का आठवावं, याचीच तिला भीती वाटली.

५

शुक्रवारी ती इस्पितळात गेली. पारास्का उशीला टेकून बसली होती, गालफडं बसली होती, पण जीभ शाबूत होती. तिने आल्या आल्या इस्पितळाच्या जेवणावर तोंडसुख घेतलं.

"कागद उकडून देतात गं. माझं नाक तर केव्हाच निवृत्त झालं, तुझ्याही आधी. मला चवी उरल्यात दोनच, आंबट आणि खारट. त्याही हे लोक डॉक्टरच्या परवानगीने देतात."

टेक्लाने वही काढली. तो रविवार तिला मिनिटामिनिटाने हवा होता. पारास्काने डोळे मिटून सांगितलं. आठला गोळी. मग चर्च. चर्चमध्ये डोकं उतरलं, छान वाटलं, दोन स्तोत्रं मोठ्याने म्हटली. बाराला घरी. हान्या जेवायला आली होती, पारास्का इस्पितळातून सुटली म्हणून. कोंबडी, बटाटे, हान्याने आणलेले टोमॅटो. साडेबाराला जेवण, एकच्या सुमारास नाक वाहायला लागलं.

टेक्लाने पेन्सिल थांबवली. "आठला गोळी, आणि एकला नाक. मध्ये काही नाही?"

"मध्ये देव होता," पारास्का म्हणाली.

टेक्ला बाहेर येऊन डॉक्टर कॅमरनना शोधत गेली. तिचा प्रश्न एकच होता. अशा रोग्याला अ‍ॅस्पिरिन दिलं तर किती वेळात बाधतं? डॉक्टर म्हणाले, साधारण अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत. पाच तास? नाही, पाच तास सहसा नाही. आणि मधे स्तोत्रं म्हणण्याइतकी ती ठणठणीत असेल तर मुळीच नाही.

म्हणजे सकाळची गोळी कुठल्याही डबीतली असो, तिने काही केलं नव्हतं. टेक्लाला एकदम हलकं वाटलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत.

कारण सूनही नाही, नवराही नाही, तर मग जे काही होतं ते जेवणाच्या टेबलावर होतं. दोन्ही वेळा. त्याच ताटांतून इतर सगळे जेवले होते आणि कुणाला ढेकरही आला नव्हता. आणि उद्या दुपारी पारास्का त्याच टेबलाशी जाऊन बसणार होती.

ती परत वर गेली. आणखी काय खाल्लंस, काय प्यालीस, तिने पुन्हा विचारलं. पारास्का कंटाळली होती. जे सगळ्यांनी खाल्लं तेच, म्हणाली. फक्त दोन्ही वेळा हान्याच्या बरणीतलं खारं पाणी शेवटी आपण एकटीने संपवलं, दोन कप, नेहमीसारखं. बाकीच्यांना नाक आहे, ते शेपूचा वास घेऊन खूश होतात. आपल्या वाटणीला तेवढंच आंबट येतं.

चाळीस वर्षं ती हान्याच्या बरण्यांतलं पाणी पीत आली होती. टेक्लाने ते लिहून घेतलं आणि पान उलटलं.

६

शनिवारी सकाळी ती बारा मैलांवर कोवालच्या औषधांच्या दुकानात गेली. लिनेटच्या बाटलीत कारखान्यातूनच काही गडबड झाली असेल का, एवढीच शंका तिला मिटवायची होती. कोवाल जुन्या काळचा औषधवाला, स्वतः खलात कुटून पुड्या बांधणारा. त्याने गोळी मोडली, जिभेला लावली, पॅरासिटामॉलच असल्याचं सांगितलं.

मग तो गमतीने म्हणाला, अ‍ॅस्पिरिनचं म्हणाल तर झोरियात एकाच बाईचं डोकं दुखतं, पण काय दुखतं. हान्या मेल्निक. एका दमात तीनशेची बाटली नेली.

बासष्ट वर्षांत गोळी न गिळलेली हान्या. दोन्ही टेबलांशी बसलेली हान्या. जिला दिमित्रो आधी मागायला गेला होता ती हान्या. तिच्या डोक्यात एक चित्र उभं राहिलं आणि ते तिला खाली बसवता येईना. या बाईच्या दोन मुलांना तिने जगात आणलं होतं.

"कधी नेली?" तिने विचारलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, कोवाल म्हणाला. आठवण्याचं कारण, बरोबर बरण्यांच्या झाकणांच्या चार पेट्याही होत्या, आणि त्या गाडीत त्यालाच ठेवायला लागल्या होत्या.

झाकणं. हिमकणानंतर उतरवलेले टोमॅटो. एकही न उडालेलं झाकण.

टेक्लाला ठाऊक होतं. गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. मंदीच्या वर्षांत तिच्या सासूनेही केलं होतं ते. बरणी आंबून फुटू नये म्हणून वर एक अ‍ॅस्पिरिनची गोळी टाकायची. चर्चच्या पाककृतींच्या वहीत ते मिठाच्या मापाखाली लिहिलेलं असायचं. त्याला औषध कुणी म्हणतच नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कुणाला ते आठवलं नाही, आणि अडतीस वर्षं नर्स असलेल्या बाईलाही नाही.

साडेअकरा वाजले होते. तिने बोइचुकांकडे फोन लावायला सांगितलं. त्या काळी एका तारेवर सात घरं असत. तार गुंतलेली होती. पुन्हा लावला. गुंतलेलीच. कोवालने न विचारता अ‍ॅड्रिनलिनच्या दोन कुप्या आणि सुई तिच्या बॅगेत ठेवली. तिने आणखी एक वस्तू मागितली, ती लहान पिवळी बाटली, लघवीत अ‍ॅस्पिरिन आहे का ते बघायला पूर्वी वापरायचे ती.

बाहेर बर्फ भुरभुरायला लागला होता. बारा मैल.

७

ती स्वयंपाकघरात शिरली तेव्हा सगळे टेबलाशी होते. पारास्का मधोमध, खांद्यावर शाल. हान्या तिच्या शेजारी, बाहीवर शेपूचं पान चिकटलेलं. दाराजवळ लिनेटची सुटकेस उभी होती. दोनची बस होती. आणि पारास्काच्या ओठाला कप लागलेला होता.

टेक्लाने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"तुला हवं तर माग की, हिसकावतेस काय?" पारास्का म्हणाली.

"किती प्यालीस?"

"दोन घोट. का?"

टेक्लाने कोट न काढता मनगटावरचं घड्याळ उतरवलं आणि ताटांमध्ये ठेवलं. बारा वाजून पाच मिनिटं. सुई भरून ठेवली. मिरोनला म्हणाली, गाडी चालू करून ठेव, आणि मग इथे येऊन बस. अर्धा तास तरी तुझ्या आईकडे बघत बसायचंय, तेवढ्यात मी सांगते.

तिने सांगितलं. बोलताना तिची नजर पारास्काच्या नाकावरून हलली नाही. सकाळची गोळी का नव्हे, ते तासांच्या हिशेबाने सांगितलं. दोन्ही झटके जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासात आले. दोन्ही जेवणांत एकच गोष्ट समान होती, हान्याची बरणी. टोमॅटो सगळ्यांनी खाल्ले, कुणी एक, कुणी दोन. पण पाण्याचे कप प्याली ती फक्त वास न येणारी पारास्का. आणि ज्याला अ‍ॅस्पिरिन चालतं त्याला त्या पाण्याने काहीच होत नाही.

"कसलं अ‍ॅस्पिरिन?" हान्या म्हणाली. "माझ्या बरणीत मीठ, शेपू..."

टेक्लाने कपातलं पाणी काचेच्या बशीत ओतलं आणि पिवळ्या बाटलीतले चार थेंब वर सोडले. पाणी जांभळं झालं.

हान्याचा चेहरा आधी रागाने तापला, मग त्यातलं रक्त उतरत गेलं. गेल्या सालची फजिती पुन्हा नको, म्हणून तिने या साली पहिल्यांदाच गोळ्या टाकल्या होत्या, त्याही एकाच्या जागी तीन. आणि गोळीच्या मदतीने बरणी टिकवली हे कुणाला कळू नये, म्हणून विहिरीचं पाणी सांगत राहिली होती.

"पण ती औषधाची गोळी नव्हे गं टेक्ले," ती हळूच म्हणाली. "ती बरणीची गोळी."

पारास्का शिंकली.

बारा पस्तीस. नाक वाहायला लागलं, डोळ्यांच्या कडा तांबूस झाल्या. मिरोन उठला तशी त्याची खुर्ची पडली. टेक्लाने पारास्काच्या पाठीला कान लावला. शीळ होती, बारीक. तिने सुई टोचली आणि मनात आकडे म्हणायला लागली. हान्या भिंतीला चिकटून उभी होती, दोन्ही हात ॲप्रनमध्ये. लिनेटने सुटकेसजवळून येऊन सासूचा हात धरला, आणि पारास्काने तो धरू दिला.

बारा पन्नास. शीळ होती तेवढीच होती. एकला ती कमी झाली. सव्वाला टेक्लाने पुन्हा कान लावला आणि तसाच बराच वेळ ठेवला, कारण उचलला असता तर सगळ्यांना तिचे डोळे दिसले असते.

"आहे मी अजून," पारास्का घोगऱ्या आवाजात म्हणाली. "हान्ये, भिंत पडणार नाही, सोड तिला. इकडे ये."

हान्या आली नाही. तिने लिनेटकडे बघितलं. गावभर दोन आठवडे केलेलं बोलणं आता तिलाच परत घ्यायचं होतं. शेवटी ती म्हणाली, "पोरी, मी तुला खुनी म्हणत फिरले, आणि कप माझ्या हाताने भरत होते."

लिनेटने मिरोनकडे पाहिलं. मिरोनने सुटकेस उचलली आणि वरच्या खोलीत नेऊन ठेवली. तो बराच वेळ खाली आला नाही. मग लिनेट वर गेली.

८

त्या संध्याकाळी इस्पितळात डॉक्टर कॅमरननी पारास्काला तपासलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पुढे ते विनिपेगला गेले आणि तरुण डॉक्टरांना शिकवताना सांगत, की दमेकऱ्याला कुठली गोळी घेतली एवढंच विचारू नका, काय खाल्लं, काय प्यायलं, आणि ते कुणी कसं टिकवलं, तेही विचारा.

हान्याने सोमवारी सगळ्या बरण्या गोठलेल्या नांगरटीत ओतल्या. पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभी राहिली आणि गोळ्यांची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगितली. त्यानंतर आणखी चार बायकांनी माना खाली घातल्या. तिने लोणची पुन्हा घातली, पण सणाच्या टेबलावर कधी ठेवली नाहीत. लिनेटशी तिचं बोलणं सुरळीत व्हायला सहा वर्षं लागली. ते सुरू केलं लिनेटने, आपल्या मुलीची धर्ममाता व्हाल का असं विचारून. हान्या १९८८ साली गेली.

दिमित्रोने बाटली हत्यारपेटीतच ठेवली आणि हात धुणं सोडलं नाही. तो त्यापूर्वीच, १९८१च्या पेरणीत, शेताच्या बांधावर बसल्या बसल्या गेला.

मिरोन आणि लिनेट शहरात गेले नाहीत. एकाच घरात दोन वर्षं मात्र ती दोघं पाहुण्यांसारखी वागली, कारण ज्याच्यावर एकदा संशय घेतला त्याच्याशी पुन्हा साधं बोलायला शिकावं लागतं. शिकली. त्या डबीबद्दल लिनेटने त्याला मुलगी झाल्यावर सांगितलं.

टेक्ला त्या हिवाळ्यात निवृत्ती विसरून घरोघर फिरली. ज्या घरात दमेकरी होता तिथे तळघरात उतरून प्रत्येक बरणीबद्दल विचारलं. लोक हसले, पण उत्तरं दिली. नव्वदाव्या वर्षापर्यंत ती जगली, आणि शेवटी शेवटी नावं विसरली तरी कुणाला कुठली गोळी चालत नाही ते तिला तोंडपाठ होतं.

पारास्का सगळ्यात जास्त जगली असती, असं ती स्वतःच म्हणायची, पण टेक्लाने ती पैज जिंकली. १९९३च्या मार्चमध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पारास्का दुपारच्या झोपेत गेली. लिनेट शेजारी स्वेटर विणत बसली होती. तिला वाटलं सासूबाई गाढ झोपल्यात, कारण इतक्या वर्षांत तिने त्यांचा श्वास इतका संथ कधी ऐकला नव्हता. ओळ संपवून तिने वर बघितलं, तेव्हा तो थांबलेला होता.